पहिला विभाग, म्हणजे दुसरा

सोलापुरात विनयाला लोक ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत. इथं परदेशात, रिकार्टनच्या वृद्धाश्रमात तिच्या बिल्ल्यावर नुसतं ‘विनया, केअरगिव्हर’ एवढंच होतं. एम.बी.बी.एस., तीही प्रथम श्रेणीत. पण इथं डॉक्टरी करायची तर इथली परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेनं तिला दोनदा आपटी खायला लावली होती. दुसऱ्या वेळचं कारण ऐकून तर हसावं की रडावं तेच तिला कळेना. परीक्षेसाठी रोग्याचं सोंग घेतलेल्या एका बाईच्या छातीत दुखत होतं. विनयानं तिच्या हातावर थोपटलं आणि म्हटलं, “काही होत नाही, घाबरू नका.” सोलापुरात या एका वाक्यावर निम्मे रोगी बरे होऊन घरी जात. इथल्या परीक्षकांनी शेरा मारला, ‘खोटा दिलासा’, आणि नापास करून मोकळे झाले.

आता २००६ साल चालू होतं. तिसऱ्या परीक्षेचा फॉर्म भरून, तिकीट लावून पंधरा दिवस तिच्या पर्समध्ये पडला होता. उद्याच्या शुक्रवारचा टपालाचा शिक्का शेवटचा. तिचे इंग्रजीच्या चाचणीचे गुण पुढच्या महिन्यात बाद होणार होते, म्हणजे हा शुक्रवार हुकला की सगळं पुन्हा श्रीगणेशापासून. नवऱ्याला, शंतनूला, तिनं फॉर्म केव्हाच पाठवला म्हणून सांगितलं होतं. टपालपेटी आश्रमाच्या कोपऱ्यावर, इथं डेअरी म्हणतात त्या किराणा दुकानासमोर. त्या पेटीसमोरून ती रोज दोनदा जाई. तिला भीती वाटत होती. तिसऱ्यांदा नापास झालो तर ‘मी डॉक्टर आहे’ असं मनातल्या मनातसुद्धा म्हणता येणार नाही, ही ती भीती. तिच्या वाटेला टाळं कुणी लावलं नव्हतं. किल्ली तिच्याच पर्समध्ये होती.

बारा नंबरच्या खोलीत योप राहत. मूळचे नेदरलँड्सचे, वय बहात्तर, अर्धांगानं उजवा हात गेलेला. तरुणपणी ते बर्फावरची हॉकी खेळत. इथं सगळे सगळ्यांना नावानं हाक मारतात, पण विनयाच्या जिभेला ते काही जमलं नव्हतं. ती त्यांना ‘सर’ म्हणे आणि ते दर वेळी म्हणत, “मी मास्तर नाही, गोलकीपर आहे.”

त्यांच्या जुन्या क्लबानं आपल्या लीगचा इतिहास लिहून मागवला होता. योप सांगत आणि विनया जेवणाच्या सुट्टीत वहीत उतरवून घेई. लीगचं नाव ‘पहिला विभाग’. पण त्याच्याही वर एक मानाची लीग होती; म्हणजे पहिला विभाग हा खरं तर दुसरा.

“माझी पदवीही तसलीच,” विनया म्हणाली, आणि दोघंही हसले.

त्या गुरुवारी ते शेवटच्या प्रकरणाशी आले. योपचा संघ या विभागात तीनदा अव्वल आला आणि तिन्ही वेळा होता तिथंच राहिला. पहिल्यांदा त्यांचं बर्फाचं मैदान वरच्या लीगला लहान पडलं. दुसऱ्यांदा गावातला आश्रयदाता खाटीक ऐन वेळी मागे फिरला.

“तिसऱ्यांदा, लिहा, हॉकी महासंघानं नकार दिला.”

विनयानं लिहिलं. योपनी डावा हात वहीवर ठेवला.

“खोडा ते,” ते म्हणाले. “क्लबाचा सेक्रेटरी मीच होतो. ‘आम्ही वर यायला तयार आहोत’ असं पत्र पाठवायचं होतं. मी ते कोटाच्या खिशात ठेवलं आणि तारीख जाऊ दिली.”

“का, सर?”

“वरच्या लीगमधले फटके माझ्या डोळ्यांना दिसलेही नसते. खाली मी सगळ्यांत चांगला होतो.”

“कुणी विचारलं नाही?”

“एकदा विचारलं. मी म्हटलं, नकार आला. मग तेहतीस वर्षं वाट बघितली, कुणीतरी दुसऱ्यांदा विचारेल म्हणून. विचारलं असतं तर सांगून टाकलं असतं.”

‘काही होत नाही’ विनयाच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं.

“लिहू?”

“लिहा.”

तिनं खोडलं आणि खरं ते लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

ड्युटी संपल्यावर ती डेअरीपाशी थांबली. पर्सची चेन उघडली, पाकीट निम्मं बाहेर काढलं, तेवढ्यात बस आली. पुढची बस दहाच मिनिटांनी होती. तरी ती धावत जाऊन चढली.

घरी शंतनू ऑफिसातून येऊन टेबलाशी बसला होता. तिनं भात वाढला.

“अगं, त्या फॉर्मचं काही अपडेट?”

विनयाच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली.

“नाही रे अजून.”

“येईल गं. ढिगानं लोकं अप्लाय करत असणार. काही होत नाही.”

तो भात कालवू लागला. विनया पळी धरून उभीच. विचार, तिनं मनात म्हटलं, अजून एकदा विचार, मी सांगते. पर्स समोरच्या खुर्चीवर होती. शंतनूनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि तिनं पळी खाली ठेवली.

“मीठ आहे का गं?” त्यानं विचारलं.

तिनं मीठ दिलं.