एका विद्यार्थिनीपुरती परवानगी

मी ते पत्र लिहिलं नसतं तर कुणाच्या बापालाही काही कळलं नसतं. पण शहाणपणाची हौस ना! आमचं घर डोंबिवलीतलं, सगळे नोकरदार. पेपरवाल्याची तक्रारसुद्धा कार्बन लावून दोन प्रतींत लिहायची आमच्याकडे पद्धत. त्यात मी ठाण्याच्या एका कॉलेजात ग्रंथालय साहाय्यक. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. नियम हा शब्द मला त्या वेळी फार आवडायचा.

ती मुलगी टी. वाय. बी. ए. ला होती, इतिहासाची. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहायची. आई बाजारात मासळी विकायची. लहानपणी तापात हिचे दोन्ही डोळे गेलेले. मैत्रीण वाचून दाखवायची आणि ही ऐकून पाठ करायची, अशी दोन वर्षं काढली. तिसऱ्या वर्षी मैत्रिणीचं लग्न झालं. एक अख्खा पेपर एकाच जाडजूड मराठी पुस्तकावर होता, आणि ते वाचायला कुणी उरलं नाही.

ती काउंटरवर येऊन म्हणाली, "मॅडम, ते पुस्तक आहे का हो आपल्याकडे?"

"आहे की. दोन प्रती आहेत."

"मग एक मला कॅसेटवर वाचून द्याल?"

असं सरळ मागणारं माणूस मला आवडतं. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. एका बँकेनं तिला सांगून ठेवलेलं, पदवी घेऊन ये, टेलिफोन ऑपरेटरची जागा आहे, या वर्षअखेरपर्यंत थांबू. म्हणजे हे पुस्तक नाही तर पेपर नाही, आणि पेपर नाही तर नोकरी नाही.

आमचे ग्रंथपाल सर म्हणाले, "वाचा आणि देऊन टाका. कोण येतंय बघायला?"

मी म्हटलं, "सर, उद्या कुणी विचारलं तर? प्रकाशकांची लेखी परवानगी घेऊ या."

"नसती उठाठेव," सर म्हणाले. पण सही केली बिचाऱ्यांनी.

प्रकाशकाला असलं पत्र जन्मात कुणी पाठवलं नसणार. तो घाबरला असावा. तीन आठवड्यांनी टाइप केलेलं उत्तर आलं. परवानगी होती, पण अटींसकट. एकच संच भरायचा. तो फक्त या एका विद्यार्थिनीनं ऐकायचा, दुसऱ्या कुणालाही द्यायचा नाही. परीक्षा संपली की सगळ्या कॅसेट पुसायच्या आणि दुसरी प्रत अस्तित्वात नाही असं सहीनिशी कळवायचं. खाली मान्य असल्याची सही मागितलेली. मी केली. पुस्तक आमचं होतं, शिक्का आमचा होता, कपाट आमचं होतं. पण तेच मोठ्यानं वाचून टेपवर घेतलं की ते आमचं राहत नव्हतं. तेव्हा मला हे विचित्र वाटलं नाही, उलट आपण कसं रीतसर काम केलं याचा अभिमान वाटला. आज आठवलं की स्वतःचाच राग येतो.

दिराचा रेडिओ-टेपचा टू-इन-वन मागून आणला. रविवारी दुपारी सगळ्यांना गप्प बसवून मी वाचायला बसायची. दोन खोल्यांचं घर, सासऱ्यांना खोकला. ते उशी तोंडावर धरून खोकायचे. नवरा म्हणायचा, "आकाशवाणी सुरू झाली, चला बाहेर." दिवाळी उलटेपर्यंत अठरा कॅसेट भरल्या. सनावळ्या मी मुद्दाम दोनदा वाचल्या होत्या. तिनं पहिली ऐकली आणि दुसऱ्या दिवशी धावतच आली. "मॅडम, तुम्ही रागावल्यासारखं वाचता. झोपच येत नाही!"

जानेवारीत ती आणखी एका मुलीला घेऊन आली. ती आंबिवलीची होती, तिलाही दिसत नव्हतं, आणि बाहेरून त्याच परीक्षेला बसलेली. हिनं विचारलं, "माझं ऐकून झालं की हिला आठ-आठ दिवस देऊ का?"

मी नाही म्हटलं. समजावून सांगितलं असतं तरी एक वेळ ठीक, पण मी चिडले. "मी सही केलीये ना? तुला ठाऊक आहे ना? उद्या माझ्यावर आलं तर तू येणार आहेस का निस्तरायला?" आंबिवलीची मुलगी काठी चाचपत वळली. हिनं तिचा हात धरला आणि दोघी गेल्या. मी रजिस्टर उघडून बसले, पण दिवसभर एक ओळ धड लिहिता आली नाही. तिला द्यावं असं मनातून वाटत होतं, अगदी तेव्हाही. पण त्या सहीनं मला असं जखडून टाकलेलं की हालचालच सुचेना.

परीक्षा झाल्यावर तिसऱ्या दिवशी तिनं पिशवीत घालून अठराही कॅसेट आणून दिल्या, मागायच्या आधीच. पुसायच्या म्हणजे त्यांवर पुन्हा काहीतरी भरायचं. अठरा कॅसेट, एकेक तासाच्या. मी बटण दाबून स्वयंपाक करत बसायची. भाकरी थापल्याचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या, सासऱ्यांचा खोकला, सगळं त्या इतिहासावर चढत गेलं. एका कॅसेटवरचं थोडं पुसण्याआधी ऐकलं मी. खरंच रागावल्यासारखी वाचत होते. मग प्रकाशकाला कळवलं, सर्व ध्वनिमुद्रण नष्ट केलं आहे, दुसरी प्रत नाही. खाली सही, तारीख.

जूनमध्ये निकाल लागला. ती नेमकी त्याच पेपरात गेली. उत्तरं लिहून घेणाऱ्याला मराठी धड येत नव्हतं, हिनं सांगितलेलं अर्धं त्यानं गाळलं. आता ऑक्टोबरची एकच संधी, त्यानंतर बँक थांबणार नव्हती. आणि अभ्यास कशावरून करायचा? मीच तर पुसून बसलेले!  प्रकाशकाला पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. स्मरणपत्र धाडलं. नाहीच. ती कॉलेजातही येईना. जुलै गेला, ऑगस्टही अर्धा गेला, आणि एका सकाळी माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं खड्ड्यात गेली परवानगी! पुस्तक पिशवीत टाकलं, कोऱ्या कॅसेट घेतल्या आणि कॉलेज सुटल्यावर तडक कोळीवाड्यात गेले. तिला सांगणार होते, मी पुन्हा वाचते, कुणाला विचारायचं नाही.

घर विचारत पोचले. दारात तिची आई जाळं पसरून बसलेली. "अगो बाय, भायेर का उभी? ये आत," म्हणाली. मी चप्पल काढत होते, तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक, अगदी कान लावून ऐकावा इतका हळू. सनावळी चाललेली, प्रत्येक सन दोनदा. माझा आवाज होता तो.

"कोण आलंय गं?" आतून तिनं विचारलं.

"मी," म्हटलं.

खट्कन आवाज बंद झाला. मी आत गेले तेव्हा तिनं टेप ओढणीखाली घेतला होता. "रेडिओ लावलेला मॅडम," ती म्हणाली. जमिनीवर कॅसेटची चळत होती, सगळ्यांवर कोळी हळदीच्या गाण्यांची लेबलं. शेजारी डबल डेकवाला होता, लग्नांसाठी एका कॅसेटवरून दुसरी भरून द्यायचा. माझ्याकडे देण्याआधी तिनं त्याच्याकडून सगळ्या भरून घेतल्या होत्या. म्हणजे चार महिने ही पोर माझाच आवाज माझ्यापासून लपवून ऐकत होती.

मी पिशवी धरून तशीच उभी. बरं वाटायला हवं होतं ना? अभ्यास चालू होता, पेपर सुटणार होता, आणि मी तरी काय वेगळं करायला आले होते? पण माझ्या डोळ्यांसमोर ते पत्र आलं. दुसरी प्रत नाही. खाली माझी सही.

तिनं ओळखलं असावं. आवाज एकदम लहान करून तिनं विचारलं, "तुम्ही कळवणार का त्यांना?"

"नाही गं," मी म्हटलं. म्हटलं मी, पण लगेच म्हटलं नाही. मध्ये किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. श्वासभर असेल, किंवा जरा जास्त. तिनं तो मधला वेळ ऐकला. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आला नसता, पण तिचं सगळं शिक्षणच ऐकण्यावर झालेलं.

तिच्या आईनं चहा दिला. आम्ही तिघी पावसाबद्दल बोललो. कोऱ्या कॅसेटचं मी काही बोलले नाही, त्या तशाच घरी घेऊन आले.

ऑक्टोबरच्या परीक्षेत ती पास झाली. मला ते नोटीस बोर्डावरून कळलं.