दुसऱ्या टोकाचं घर

बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. पहिली पाळी करून मी मिलमधून घरी आले, तर माझी मोठी बहीण दारात बसलेली. आम्ही तिला बाई म्हणायचो. काटोलच्या पलीकडच्या एका खेड्यात तिला दिलेली. सणावाराशिवाय ती कधी नागपूरला यायची नाही. शेजारी ज्वारीचं गाठोडं होतं. मला वाटलं, नवी ज्वारी द्यायला आली.

"एवढं दळून आण वं," ती म्हणाली. "संध्याकाळच्या मोटारीनं वापस जातो."

"दळायले नागपूरले आली?"

"मंग कुठं जाऊ?" आणि ती रडायला लागली.

झालं होतं ते असं. गावातल्या संत्र्याच्या मोठ्या बगीचेवाल्याचा बैल मेला. दीक्षा घेतल्यापासून आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं सोडायचं ठरवलं होतं, पण त्या गावात ते बोलायची कोणाची छाती झाली नव्हती. त्या दिवशी माझे भाऊजी चावडीवर उभे राहिले आणि म्हणाले, "आता आमच्यातलं कोणी ढोराले हात लावणार नाही." सगळी वस्ती त्यांच्यामागे उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून वस्तीला कोणी कामावर बोलावलं नाही. दुकानदार मीठसुद्धा देईना. चक्कीवाल्यानं दळण परत केलं, शेजारच्या गावच्या चक्कीवाल्यानंही. चरायला गेलेल्या गाई-बकऱ्या कोंडवाड्यात गेल्या.

नागपूरला आमच्या वस्तीत बायकांचं मंडळ होतं. दर रविवारी विहारात बसायचो. मंडळाची म्होरकी एक विधवा होती. बिड्या वळून पोट भरायची. सगळी वस्ती तिला मावशी म्हणायची. बाईला घेऊन मी तिच्याकडे गेले. मावशीनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "हिचं एकटीचं दळून दिलं त काय होते? त्यांच्या हातात जाती द्या."

आमच्याकडे चक्की आल्यापासून घरोघरची जाती कोपऱ्यात पडून होती. आम्ही दारोदार फिरून ती मागितली. बायकांनी आढेवेढे न घेता दिली. एका म्हातारीनं तर स्वतःच्या आईनं दिलेलं जातं धुऊन, पुसून दिलं. ती वजनं मोटारीच्या टपावर चढवताना आमच्या कमरा मोडल्या. पण गावात वस्तीतल्या घराघरातून घरघर सुरू झाली, तेव्हा बायका हसल्या. बाईच्या तोंडावर मी किती दिवसांनी हसू पाहिलं. आम्हाला वाटलं, जिंकलो.

मग संत्र्याचा तोडा आला. दरवर्षी त्या कामावर वस्तीचं अर्धं वर्ष निघायचं. या वेळी बगीचेवाल्यांनी बाहेरून मजूर आणले. आमच्या माणसांनी बांधावर उभं राहून दुसऱ्यांच्या डोक्यावरच्या टोपल्या पाहिल्या. दळायला जाती होती, पण दळायला दाणा राहिला नाही. मंडळानं नागपूरला मोठ्या कचेरीत अर्ज दिला. एक साहेब जीपनं आला, बगीच्यात खुर्ची टाकून बसला, आणि जाताना वस्तीला सांगून गेला, "कोणी कोणाला कामावर घ्यावं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे."

"मंग आता ढोरं कोण ओढून राहिलं?" मावशीनं बाईला विचारलं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला मातंगाचं एकच घर होतं. दोर वळायचे, शिंदीचे फडे, म्हणजे झाडू, बांधून विकायचे. आम्ही सोडलेलं काम बगीचेवाल्यांनी त्या माणसाच्या गळ्यात घातलं होतं. मावशी म्हणाली, "चला त्यांच्याकडे."

बाई आमच्यासोबत आली, पण अंगणाबाहेरच थांबली. त्या माणसाची बायको फडे बांधत बसली होती. माझ्याच वयाची असेल. मावशी तिच्यापुढे जमिनीवर बसली.

"घरधन्याले सांग ना माय, नाही म्हण म्हणा मालकाले. सगळे मिळून नाही म्हणू."

तिचे हात थांबले नाहीत. "तुम्ही सोडलं म्हणून आमच्याकडे आलं. तुमचं दळण बंद झालं त नागपूरहून जाती आली. आमचं दळण चक्कीवाला सगळ्यांचं झाल्यावर घेते, दुरून ओतून. आधीपासूनच. तवा कोणी आलं काय?"

मग मावशी म्हणाली, "पाणी पाज वं."

"माझ्या घरचं?" तिनं अंगणाबाहेर उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं. "तिले विचारा आधी."

मावशी प्यायली. मी प्यायले. बाई दुसरीकडे पाहत राहिली.

निघताना त्या माणसाची बायको आमच्यामागे वस्तीच्या वाटेपर्यंत आली. "म्या सांगून पाहतो त्याइले," ती म्हणाली. "पण तुम्ही पाठीशी राहाल ना?"

"राहू," मावशी म्हणाली.

त्याच संध्याकाळी मावशीनं वस्तीला गोळा केलं. त्या घराला आपल्यात घ्या, त्यांच्या दारात बसा, त्यांना आपल्या दारात बसवा, एवढंच ती म्हणाली. मग एक म्हातारा उठला. "ते वेगळे, आपण वेगळे. तुमचं ऐकणं दळणापुरतं ठीक होतं."

मला भाऊजींची आशा होती. अख्ख्या गावापुढे उभा राहिलेला माणूस. ते हात जोडून म्हणाले, "मावशी, आजवर तुमचं सगळं ऐकलं. हे नका सांगू."

"मंग मालक तुमच्याबद्दल काय वेगळं सांगते गा?" मावशीचा आवाज चढला.

लोक एकेक करून उठून गेले. दुसऱ्या दिवशी मी आणि मावशी नागपूरला परतलो.

पुढचं मी बाईच्या तोंडून ऐकलं. एक गाय मेली, आणि त्या माणसानं निरोप पाठवला की मी येणार नाही. बायकोनं त्याला खरंच समजावलं होतं. दिवसाढवळ्या दहा-बारा जण आले. त्याला अंगणात मारलं, घराचे कुड ओढून पाडले. त्याची बायको धावत बाईच्या वस्तीत आली आणि पहिल्या घरापुढे उभी राहून ओरडू लागली, "चला ना! तुम्ही म्हणाल्या होत्या ना!"

एकेक दार लागत गेलं.

"म्या दारातच होतो वं," बाई मला सांगत होती. "हे म्हणाले, आत ये. म्या आत आलो." मग म्हणाली, "तिचा आवाज किती वेळ येत होता."

दुसऱ्या दिवशी तिथं पडक्या कुडाशिवाय काही नव्हतं. नवरा-बायको, म्हातारी सासू, तिघंही गेली. कुठं, ते कोणी विचारलं नाही.

त्यानंतर वस्ती टिकली नाही. ढोरं ओढायला आता दुसरं कोणी उरलं नव्हतं, आणि पोटात काही नव्हतं. वस्तीचे पंच बगीचेवाल्यापुढे जाऊन वाकले. आळीपाळीनं ढोरं ओढायची असं ठरलं. पहिली पाळी भाऊजींची, ही मालकाची अट. आपलेच लोक त्यांना सांगायला आले, "तुझ्यापायी झालं, तूच जा." भाऊजी गेले नाहीत. घरादाराला कडी लावून ते आणि बाई नागपूरला आमच्या झोपडीत आले.

भाऊजींना मालधक्क्यावर हमाली मिळाली. रविवारी विहारात मंडळ बसलं की ते घरातून निघून जायचे, अंधार पडल्यावर यायचे. बाई रामदासपेठेत एका डॉक्टरीणबाईकडे भांडी घासायला लागली. गावाचं नाव दोघंही काढत नसत.

मावशी मात्र त्या तिघांना शोधत राहिली. सुट्टीच्या दिवशी मी तिच्यासोबत जायची. काटोलच्या बाजारात फडे विकणाऱ्यांना विचारलं. खाप्याला नदीकाठच्या वस्तीत जाऊन आलो. माणसाचं नाव सांगितलं की लोक विचारायचे, "कोणापैकी?" मग जात सांगावी लागायची. ती सांगितली की काही जण आमच्याकडे नीट पाहायचे आणि विचारायचे, "तुम्ही त्यांच्या कोण?"

पहिल्यांदा मावशी म्हणाली, "बहिणी." त्या वस्तीतल्या एका बाईनं आम्हाला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाली, "बहिणी असत्या तर माहीत असतं कुठं गेले ते."

पुढं कोणी विचारलं तर मावशी पुढच्या घराकडे चालायला लागायची. मग तिला दम्यानं धरलं, बिड्याही वळवेनात, आणि आमचं जाणं थांबलं. मंडळ चाललं, पण गावोगाव जाणं पुन्हा कोणी काढलं नाही. त्या तिघांचं काय झालं ते मला आजही माहीत नाही.