पुठ्ठ्यातली दहावी पायरी

"काकू, यावर अक्षरं आहेत. डिड यू सी देम?" अनुजानं बादलीतून ओल्या कागदाचा तुकडा चिमट्यानं वर काढला होता.

"पाहिली की."

"आणि तरी खरवडलंत?"

"पुठ्ठ्यात रद्दी असतेच."

मला तसंच वाटत होतं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं पुण्यात सासऱ्यांच्या बाइंडिंगच्या दुकानात चाळीस वर्षं. पूर्वीचे बाइंडर जुने कागद खळीनं एकावर एक चिकटवून पुठ्ठा करत. फोडला की आतून पंचांगाची पानंही निघत. ती कोणी वाचत बसत नसे.

अनुजा इथंच, अमेरिकेत हर्नडनमध्ये जन्मलेली. जुन्या पुस्तकांच्या दुरुस्तीचं तिचं वर्कशॉप आहे. मी मुलाकडे राहायला आले, तेव्हा तिनं मला पानं शिवायला ठेवलं.

हे पुस्तक मिस्टर सॅम यांचं. रिटायर्ड डेंटिस्ट, वय ऐंशीच्या पुढं. ज्यू लोकांची एक गूढविद्या आहे, तिला कबाला म्हणतात. मध्ययुगातलं त्यातलं लिखाण त्यांच्या कुणा पूर्वजानं हिब्रूत हातानं उतरवून, त्यावर स्वतःचे चार शब्द लिहिले होते. देवाचा प्रकाश दहा पायऱ्या उतरून जगात येतो, असं त्यात आहे. पण त्यांचं पुस्तक नवव्या पायरीलाच तुटत होतं. पुढची पानं त्यांच्या वडिलांनीही पाहिली नव्हती.

"दहावी पायरी छापील पुस्तकांत मिळते," ते म्हणाले होते. "आमच्या माणसानं तिच्याबद्दल काय लिहिलं, ते मला मरायच्या आधी वाचायचंय."

मागचा पुठ्ठा बुरशीनं फुगला होता. वरचं चामडं वाचवायचं होतं, म्हणून मी तो भिजवला आणि आतला कागद पट्टीनं खरवडून बादलीत टाकला. फेकण्याआधी दाखवायचं, हा अनुजाचा नियम. ती फोनवर होती. मी थांबले नाही.

बादलीतलं सगळं आम्ही टीपकागदावर पसरलं. बहुतेक चिंध्याच. हाताएवढा एक तुकडा तेवढा नीट होता. जुने लिहिणारे पानाखाली पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवत, म्हणजे बाइंडरकडून क्रम चुकत नाही. मला हिब्रू येत नाही, पण आकार जुळवता येतात. पुस्तकाच्या शेवटच्या पानाखालचा शब्द आणि तुकड्यावरचा पहिला शब्द एकच होता.

अनुजा खुर्चीत बसली. "बुरशीनं गेलं असं सांगू या? अर्धं खरंच आहे, यार."

"उरलेलं अर्धं मी केलंय. मीच सांगते."

मिस्टर सॅम आले. मी मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांनी तुकडा डोळ्यांजवळ नेला आणि सावकाश वाचला.

"काय लिहिलंय?" अनुजानं विचारलं.

"दहावीला स्वतःचा उजेड नाही, म्हणून..." ते थांबले. "पुढं फाटलंय."

मग ते माझ्याकडे वळले. "तुम्हाला अक्षरं दिसली होती?"

"दिसली होती. रद्दी वाटली."

"मी आयुष्यभर लोकांचे दात काढले, बाई. काढायच्या आधी एक्स-रे घ्यायचो."

चिंध्या त्यांनी मागून घेतल्या. देवाचं नाव असेल असा कागद ते लोक फेकत नाहीत, दफनभूमीत पुरतात. आमच्याकडे जुनी पोथी नदीत सोडतात, हे जिभेवर आलं होतं. त्या दिवशी ते बोलायचं तोंड मला नव्हतं.

पुस्तक मी शिवून दिलं. शिलाई उत्तम आली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि पुन्हा काही काम दिलं नाही. बरोबरच केलं.

माझ्याआधी कुणा बाइंडरनं ती पानं पुठ्ठ्यात घातली होती. त्याला मी दोष देत नाही; त्यानं निदान चिकटवून ठेवली होती. आता वर्कशॉपमध्ये नवीन कोणी आलं की मी एवढंच सांगते: अक्षर दिसलं की पट्टी खाली ठेवायची. ते आपल्याला वाचता येतं का, हे नंतर बघायचं.