तीस वाट्या

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, तुझा लोणच्यांचा धंदा वाढला कसा? वाढला तो नंतर. आधी मी एक आठवडा जी भ्यायले, ते सांगते.

शाळेतली इंग्रजी शिकवायची नोकरी सोडून मी शांती नगरात एक तळमजल्याची खोली भाड्याने घेतली होती. हाताखाली तीन बायका. महिनाअखेरपर्यंत गिऱ्हाईक मिळालं नाही तर खोली सोडावी लागेल, हे मी त्यांना सांगून टाकलं होतं. त्या दिवसापासून खोलीत फारसं कोणी हसत नसे.

विक्रीवरच्या एका इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं, आधी चव द्या, मग माल विका. म्हणून सोमवारी मी स्टीलच्या तीस वाट्यांतून कैरीचं लोणचं शेजारच्या तीन बिल्डिंगमध्ये घरोघर दिलं. प्रत्येक दारात सांगितलं, "वाटी परत द्याल तेव्हा कसं वाटलं ते सांगा." वहीत फ्लॅटचे नंबर लिहिले आणि खुणेसाठी समोर रकाना आखला.

मंगळवारी एकही वाटी आली नाही. बुधवारीही नाही. समोरच्या बिल्डिंगच्या जिन्यात वाटी घेतलेल्या गुजराती बाई भेटल्या, तर त्या मान खाली घालून भराभर वर निघून गेल्या. लोणचंच बिघडलं असावं, असं मनात आलं. गुरुवारी कळलं, वाटी दिलेल्या एका घरातल्या मुलाला उलट्या होतायत. जाऊन विचारायचं धाडस मला झालं नाही. रिकामा रकाना बघत बसले.

शुक्रवारी त्या भीतीनेच मी तोंड उघडलं. खारी गावाहून येणारी बाई आमच्यातली सगळ्यात जाणती. मसाला भाजताना नुसत्या वासावरून ती गॅस बंद करायची. बाकीच्या दोघींसमोर मी तिला म्हटलं, "बरणीत ओला हात घातलास ना? लोणचं बिघडलं ते तुझ्यामुळे."

"न्हाय बाई. माझा हात कोरडा हाय," एवढंच ती म्हणाली. शनिवारी ती आली नाही.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात गुजराती बाई, हातात माझी वाटी, वाटीत डाळ-तांदळाचा गरम हांडवो. "आंटी, मुझे तो शरम आ रही थी. खाली कटोरी कैसे देती? छुट्टी का रास्ता देख रही थी!" मग दुपारपर्यंत बेल थांबलीच नाही. कुणाच्या वाटीत शिरा, कुणाच्या खीर, आणि प्रत्येकीला किलो-दोन किलो लोणचं हवं होतं. त्या मुलाने बाहेर बर्फाचे गोळे खाल्ले होते म्हणे.

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे मला आईने शिकवलं होतं. नोकरी करणाऱ्या बायका वाटीत घालण्यासारखं काही रविवारीच करणार, हे सुचायला हवं होतं.

वही ऑर्डरींनी भरली. पण लोणचं करणार कोण? तो हात तर मी घालवला होता.

सोमवारी रिक्षाने खारीला गेले. ती अंगणात भांडी घासत होती. उठली नाही. मी म्हटलं, "चुकलं माझं. चल परत."

"मला एकलीला काय सांगताव? दोघींच्या म्होरं बोललाव ना? तितंच सांगा."

मंगळवारी ती आली आणि दाराशीच उभी राहिली. वर्गात चाळीस मुलांपुढे कधी न अडलेला माझा आवाज त्या दोन बायकांपुढे फुटेना. शेवटी म्हटलं, "लोणचं चांगलं होतं. मी घाबरले होते, म्हणून हिच्यावर खोटा आळ घेतला." तिने उंबरा ओलांडला नाही. आता वळून जाते की काय, असं वाटलं.

ती आत आली. हात धुतले, पदराला पुसले, दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. मी बघितले. मगच तिने बरणीचं झाकण काढलं.

पुढे बायका वीस झाल्या, तरी बरणी उघडण्याआधी ती रोज तसेच तळवे दाखवायची. बाकीच्या हसायच्या. मला कधी हसू आलं नाही.