उत्तराताईंच्या पेशी आणि कांदेनवमी

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत उत्तराताईंसमोर ‘विश्रांती’ हा शब्द जपून वापरावा लागतो. ताई ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. पेशी विभागत नसते त्या काळाला कुठल्याशा जुन्या पुस्तकात ‘विश्रांती अवस्था’ म्हटलंय, आणि हा शब्द ताईंना कुणी माहेरची टिंगल केल्यासारखा लागतो.

“विश्रांती? अहो, त्या काळात ती वाढते, आपल्या प्रत्येक गुणसूत्राची प्रत काढते, सगळं नीट झालंय ना ते तपासते. आयुष्याचा बहुतेक वेळ यातच जातो बिचारीचा. आणि बाहेरून बघणारे म्हणतात, काही करत नाही! घरातल्या बायकांबद्दल म्हणतात तसंच.”

एवढं बोलून त्या यजमानांकडे बघतात. नंदकुमार बँकेतून निवृत्त झालेत. ते हातातला पेपर थोडा वर धरतात.

एकदा लिफ्ट अडकली तेव्हा मी त्यांच्यासोबत आत होतो. त्यामुळे पेशीविभाजनाच्या चारही अवस्था मी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये शिकलो. पूर्वावस्थेत इकडेतिकडे पसरलेली गुणसूत्रं आखडून जाड होतात, आपण गावी निघताना कपड्यांच्या घड्या घालतो तशी. मध्यावस्थेत ती पेशीच्या मधोमध ओळीत उभी राहतात, लग्नातल्या ग्रुप फोटोसारखी. पश्चावस्थेत जोड्या सुटतात आणि बारीक तंतू एक प्रत या टोकाला, दुसरी त्या टोकाला ओढून नेतात. अंत्यावस्थेत दोन्हीकडे नवं केंद्रक होतं, मग मध्ये भिंत पडते, आणि एकाचे दोन फ्लॅट!

“वाटणीवरून भांडणं?” मी विचारलं.

“का होतील? वेगळं व्हायच्या आधीच सगळ्याच्या दोन प्रती केल्यात ना तिने! माणसं आधी वेगळी होतात, आणि मग मिक्सर कुणाचा म्हणून रडतात.”

तेवढ्यात लिफ्ट सुरू झाली. मला जरा वाईटच वाटलं.

तर यंदा ताईंचा जीव अडकला होता ऋतिकामध्ये. ही भांडुपची पोरगी. ऐन मार्चात काविळीने झोपली, अकरावीची परीक्षा बुडाली. आता फेरपरीक्षा. प्रॅक्टिकलला मुळाच्या टोकाची स्लाइड करून विभागणारी एक तरी पेशी परीक्षकांना दाखवायची. नापास झाली तर पुन्हा अकरावी, आणि घरून सांगणं झालं होतं: “मग शिक्षण बस झालं, पार्लरचा कोर्स कर.”

म्हणून ताईंनी आपल्या बाल्कनीत पाण्याच्या ग्लासांवर कांदे बसवले. खाली पांढरी मुळं फुटली. त्या टोकांत पेशी भराभर विभागतात. ताई रोज त्यांच्याशी बोलायच्या. नंदकुमारांशी बोलायच्या त्यापेक्षा जरा गोडच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ऋतिका उजळणीला आली, मीही चहाला होतो. ताई बाल्कनीत गेल्या आणि रिकामा ग्लास घेऊनच परत आल्या.

“अहो, कांदे कुठायत?”

“अगं, आज कांदेनवमी ना,” नंदकुमार स्वयंपाकघरातून खुशीत म्हणाले. चातुर्मासात त्यांच्याकडे कांदा बंद, म्हणून त्याआधी नवमीला घरातला सगळा कांदा संपवायचा. “टोपलीतले कमी पडले. बाल्कनीतल्यांना दाढ्या फुटल्या होत्या, त्या कापून कचरागाडीत दिल्या आणि झकास खेकडा भजी केली. गरम आहेत, या.”

ताईंनी रिकामा ग्लास स्वयंपाकघराकडे रोखला. “तुम्ही माझी मध्यावस्था तळलीत!”

“मला काय माहीत? मला वाटलं, तू विसरलीस.”

“ग्लासात बसवून विसरले?”

नंदकुमारांच्या हातातला झारा हळूहळू खाली आला. ऋतिकाचे डोळे भरले होते. नवी मुळं फुटायला दोनतीन दिवस तरी जाणार, आणि कॉलेजातले कांदे कधीच कुजून गेलेले. कुणाकडे मुळं फुटलेला कांदा असेल या आशेने मी शेजारीपाजारी विचारून आलो. प्रत्येक दारात मला एक वाटी भजी मिळाली, कांदा एकही नाही.

“मॅडम,” नाक पुसत ऋतिका म्हणाली, “मूळ कांद्याचंच पाहिजे का? मोड म्हणजे पण मूळच ना?”

“मूळच! आधी तेच फुटतं,” ताई म्हणाल्या. ऋतिकाने आईला फोन लावला. स्पीकरवर रत्नप्रभाबाईंचा खणखणीत मालवणी आवाज आला.

“आये, काळ्या वाटाण्यांक मोड इले?”

“इले मां. उद्या सांबारा करूचा हा. कित्याक गो?”

“माका परीक्षेक होये.”

“परीक्षेक वाटाणे? आणि मी सांबाऱ्यात काय घालू, तुझी पेन्सिल?”

“वाट लागली गे आये! दी मां!”

पलीकडे भांड्याचं झाकण वाजलं. “सगळे ने. पण पास होऊन ये.”

दुसऱ्या दिवशी परीक्षक होते सुबोध सर. ताईंना आत जायची परवानगी नव्हती, म्हणून त्या व्हरांड्यात येरझारा घालत होत्या. डबा पोचवायच्या निमित्ताने आलेले नंदकुमार गुन्हेगारासारखे कोपऱ्यात उभे. आत ऋतिकाने वाटाण्याच्या मोडाचं टोक कापलं, आम्लात मऊ केलं, रंगात बुडवून गरम केलं आणि काचेखाली अंगठ्याने दाबलं. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो लावलाच.

“काय दिसतंय?” सुबोध सरांनी विचारलं.

“सगळ्यांची केंद्रकं गोल आहेत सर. अजून विभागत नाहीयेत.”

“म्हणजे विश्रांती अवस्था?”

“हळू बोला सर, मॅडम बाहेर आहेत.”

सर हसले. तिने काच केसभर सरकवली, पुन्हा सरकवली. आणि मग अख्ख्या कॉलेजला ऐकू जाईल अशी ओरडली, “उभी आहेत! सर, ओळीत उभी आहेत सगळी!”

सरांनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि दार उघडून म्हणाले, “मॅडम, परीक्षा संपली. आता तुम्ही बघू शकता.”

ताई धावल्या. डोळा लावून बघतच राहिल्या. ऋतिका शेजारी उभी राहून विचारत होती, “मॅडम, मी पास ना? मॅडम?” आणि ताई डोळा न काढता एका हाताने तिचा दंड घट्ट धरून म्हणत होत्या, “थांब गं, बाजूलाच एक सुटतेय बघ जोडी… अहो, तुम्हीही या इकडे. हात धुतलेत ना?”