मध्ये कुणीतरी हवं

रत्नागिरीतल्या आमच्या चर्चच्या कब्रस्तानात जागा निवडायची सोय नाही. जो ज्या क्रमाने जाईल, त्या क्रमाने रांगेत. मंडळीची सेक्रेटरी म्हणून हा नियम मी सगळ्यांना ऐकवते, आणि शमुवेल आप्पा सोडले तर आजवर कुणी कुरकुर केलेली नाही.

आप्पा एक्याऐंशीचे. शेजारचा याकोब शाळेत त्यांच्याच वर्गात होता. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने मधला दगडी गडगा दोन हात सरकवून आप्पांचं हापूसचं कलम आपल्या आवारात घेतलं. तेव्हापासून बोलणं बंद. याकोब नरकात जाणार याबद्दल आप्पांना तिळमात्र शंका नव्हती. पण गेल्या वर्षी दोघंही एकाच महिन्यात आजारी पडले आणि आप्पांच्या डोक्यात भलतंच शिरलं.

"लागोपाठ गेलो तर बाजूबाजूला पुराल गो आम्हाला! शेवटच्या दिवशी कर्णा वाजला, कबरीतून उठून बसलो, की पयलं तोंड ह्याचं बघायचं?"

त्यांनी रीतसर अर्जच दिला: आम्हा दोघांच्या मध्ये निदान एक इसम पुरलेला असावा. मी विचारलं, कोण? मंडळीत कुणी उत्सुक दिसत नव्हतं.

मग आप्पांनी स्वतःच उपाय काढला. याकोब आपल्यामागे दहा वर्षं तरी जगावा म्हणून रोज सकाळी गुडघे टेकून प्रार्थना. कानांनी अधू असल्यामुळे, मोठ्याने. याकोब गडग्यापलीकडून ऐकायचा. कारण ठाऊक नसल्याने बिचारा विरघळला. एका रविवारी उपासनेनंतर काठी टेकत उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "शमू, कलम मीच गिळलं. माफ कर रे."

आप्पा तडक पाळकसाहेबांवर उखडले. "एवढ्यात सुटला? एकोणीस वर्षं आंबे खाऊन?"

"देव आपल्याला विचारून दया करत नाही, आप्पा," पाळकसाहेब म्हणाले.

हे आप्पांना मुळीच पटलं नाही. घुश्शातच ते याकोबकडे चहाला गेले. मग रोजच जाऊ लागले, भांडायला म्हणून.

फेब्रुवारीत याकोब गेला. माती देऊन झाल्यावर मी आप्पांना बाजूला घेतलं. मला वाटलं, तेवढाच दिलासा. म्हटलं, "मंडळीच्या पंचांनी तुमचा अर्ज मंजूर केलाय. याकोबशेजारची जागा दुसऱ्या कुणासाठी राखू."

आप्पा असे भडकले, की लोक वळून बघू लागले. डोळे मात्र वाहत होते.

"फाड तो अर्ज! ती जागा माझी. दुसऱ्या कुणाला घालशील तर बघ. काळोखाला भितो गो तो, शाळेत असल्यापासून."