व्हिसा वॉशिंग्टनचा, छप्पर ऑस्टिनचं

तो आमच्या घरात बूट घालून शिरला. छप्पर गळून गळून गालिच्याचा चिखल झाला होता, म्हणून बुटांचं काही वाटलं नसतं. पण खोलीच्या मधोमध ठेवलेली बादली त्याने लाथेने सरकवली. बादली कलंडली. सगळं पाणी आईच्या पायांवर गेलं. आईचा एक हात गळ्यात बांधलेला. तिला मागे सरकताही आलं नाही.

"तुम्हा लोकांना घर कधी सांभाळता आलंय?" तो म्हणाला.

तुम्हा लोकांना. या दोन शब्दांना समुद्र ओलांडायला व्हिसा लागत नाही.

तो म्हणजे टेक्ससमधल्या अर्विंग गावातला आमचा विमा एजंट. लहानथोर सगळे त्याला आप्पाकाका म्हणायचे. पुण्या-मुंबईहून नवा माणूस उतरला की त्याला अपार्टमेंट शोधून द्यायला आप्पाकाका. मंडळाचा गणपती बसवायला आप्पाकाका. आणि गाडीचा, घराचा विमा घ्यायचा तो आप्पाकाकांकडूनच, हा रिवाज. दुसरीकडे गेलं तर माणूस वाईट दिसतो.

माझे बाबा आचारी. नागपूरचे. इथल्या एका रेस्टॉरंटच्या मालकाने व्हिसावर आणलेले. तंदूरसमोर उभं राहून त्यांच्या भुवया जळाल्या त्या पुन्हा नीट उगवल्याच नाहीत. त्या कमाईतून त्यांनी एक जुनं, बुटकं घर घेतलं. आमच्या खानदानात स्वतःच्या छपराखाली झोपलेला पहिला माणूस. आणि कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी.

ते छप्पर त्या वसंतात फुटलं. टेक्ससची गार मुठीएवढी असते. ती पडत नाही, ती मारते. आधी गाडीची काच गेली, मग छपराच्या चिंध्या झाल्या, मग स्वयंपाकघरातलं भिजलेलं छत धाडकन खाली आलं ते आईच्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओला आवाज असतो तो.

म्हणून आप्पाकाकाला बोलावलं होतं. त्याआधी तो बाबांना "अहो शेफ" म्हणायचा. त्या दिवशी तो पहिल्यांदाच आमच्या घरात आला, आणि भिंतीवरचा फोटो त्याला दिसला. निळा कोट, हातात पुस्तक. त्याने फोटोकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. आईने पुढे केलेलं पाणी घेतलं नाही. आणि मग बादली.

"क्लेम टाकतो," जाताना म्हणाला. "बघू तुझं नशीब."

अहोचा अरे व्हायला एक फोटो पुरला.

काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. कंपनी नाही म्हणाली. विषय संपला.

उन्हाळाभर आम्ही निळ्या ताडपत्रीखाली राहिलो. भिंतींवर काळी बुरशी चढली. आईचा दमा उफाळला. श्वास घेताना तिची छाती पत्र्यासारखी वाजायची. आणि आसपासच्या आपल्या लोकांची छपरं बदलत होती. त्याच गारा, तोच एजंट, तीच कंपनी. ज्यांच्या घरी तो जेवायचा, त्यांची छपरं बदलली.

गणपतीत मंडळाने शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतलं. मागच्या दाराबाहेर गॅसवर पुऱ्या तळायला बाबा. फुकट. तेही रिवाजानेच. मी पुऱ्या आत नेत होते. आप्पाकाका गरम पुरी मागायला बाहेर आला, सोन्याच्या बटणांचा कुर्ता घालून. बाबांनी हात पुसले.

"आप्पासाहेब, एकदा कंपनीला परत विचारा ना. बायकोला श्वास घेता येत नाही."

"आजच्या दिवशी? इथे?"

"नाहीतर सरकारात कंप्लेंट करा, असं एक जण म्हणत होता..."

त्याने बाबांची कॉलर धरली आणि ढकललं. बाबांचा तोल गेला. आधाराला हात टाकला तो कढईत. कोपरापर्यंत.

ती किंकाळी मी अजून ऐकते. आत आरती चालू होती, टाळ्या चालू होत्या. दारात चार-पाच जण उभे होते. चांगले शिकलेले, मोठ्या कंपन्यांतले. एक जण म्हणाला, "जाऊ दे यार, सणाचा दिवस आहे." एका काकूंनी बर्फ आणला आणि लांबूनच ठेवला.

आप्पाकाका वाकला. बाबांच्या कानात नाही, सगळ्यांना ऐकू येईल असं बोलला. "सरकारात जा. जरूर जा. तिथे नाव गेलं की ग्रीन कार्ड विसर. पुढच्या विमानाने नागपूर."

मी झारा उचलला. तापलेला, तेल गळणारा. त्याच्या तोंडावर हाणायचा होता मला. मी हाणला असता. बाबांनी चांगल्या हाताने माझं मनगट धरलं.

"ठेव खाली, माय. आपले कागद अडकतीन."

कातडी सोललेला माणूस मला कागदांचं सांगत होता. मी झारा ठेवला. राग ठेवला नाही.

पोलिसांनाही कळवलं नाही आम्ही. दवाखान्यात बाबांनी सांगितलं, पाय घसरला. आपल्या लोकांची ही एक पक्की समजूत. सरकार म्हणजे एकच. कुठल्याही खिडकीत नाव दिलं की ते व्हिसाच्या खिडकीत पोचतं. त्या एका समजुतीवर तो राजा होता.

कॉलेजात मी विम्याचा एक विषय घेतला होता. सूड म्हणूनच घेतला होता. प्रोफेसर बाई एक दिवस सहज म्हणाल्या, "विम्यावर वॉशिंग्टनचं राज्य नाही. प्रत्येक राज्याचं आपलं विमा खातं असतं, टेक्ससचं ऑस्टिनला. एजंटला लायसन्स तेच देतं, आणि तेच काढून घेतं."

माझा पेन थांबला. व्हिसा वॉशिंग्टनचा. छप्पर ऑस्टिनचं. दोन वेगळी घरं. दोन वेगळी दारं.

वर्गातून बाहेर आले ती पार्किंग लॉटमध्येच फोन लावला. खात्यातल्या बाईला सगळं सांगितलं. मग खरा प्रश्न विचारला. बाबांच्या ग्रीन कार्डावर परिणाम होईल का?

ती गोंधळली. "हनी, मला तुझ्या बाबांच्या पासपोर्टशी काय करायचंय? मला छपराचं सांग."

मी गाडीच्या बॉनेटवर मुठी आपटल्या. पत्र्याला पोचे पडेपर्यंत. हे एक वाक्य ठाऊक नव्हतं म्हणून माझा बाप जळका हात घेऊन गप्प बसला होता.

कंप्लेंट केली. खात्याने कंपनीला जाब विचारला. कंपनीला राज्याला उत्तर द्यावंच लागतं. उत्तर आलं: या घराचा क्लेम आमच्याकडे कधी आलाच नाही.

कंपनी नाही म्हणालीच नव्हती. कंपनीला कोणी विचारलंच नव्हतं. क्लेम कमी आले की एजंटला वरून बक्षीस मिळायचं. आपल्या जेवणावळीतल्यांचे क्लेम तो पाठवायचा आणि आमच्यासारख्यांचे गिळायचा.

आमच्यासारखे किती, ते मी दारोदार जाऊन शोधलं. "आप्पाकाकांविरुद्ध? नको यार, माझा एच-वन व्हिसा आहे." दारं तोंडावर लागली. मग बाबा सोबत यायला लागले. दारात उभं राहून फक्त बाही वर करायचे. त्या हाताकडे पाहून लोक खाली बघायचे, आणि मग म्हणायचे, आत या.

ऑस्टिनला त्याच्या लायसन्सची सुनावणी झाली. बाहेरच्या व्हरांड्यात तो माझ्याजवळ आला. पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ होता.

"बेटा, घरातलं भांडण सरकारात आणतात का? मी तुझा काका आहे."

"माझे काका नागपूरला आहेत. गवंडीकाम करतात. त्यांनी लोकांची छपरं बांधली. तू गिळलीस."

"जरा नीट बोल. मी वयाने मोठा आहे."

"अरे," मी म्हणाले. मुद्दाम. दातओठ खात. "बूट काढून आत ये."

आत बाबांनी साक्ष दिली. दुभाष्या होता, म्हणून मराठीतून, सगळ्यांना ऐकू येईल अशी. कॉलर कशी धरली ते स्वतःची कॉलर धरून दाखवलं. आप्पाकाका टेबलाकडे बघत राहिला. मला त्याची दया आली का? नाही. झारा हातात असता तर अजूनही हाणला असता. झाऱ्यापेक्षा जड काहीतरी हातात होतं, म्हणून हात शांत होते.

त्याच्या मुलाने नंतर निरोप पाठवला. पपा आजारी आहेत, माफ करा. मी माफ केलं नाही. बाबांचा हात अजून पुरता मिटत नाही. तो मिटेल त्या दिवशी विचार करू.

मी आता त्याच खात्यात नोकरी करते. लोकांच्या कंप्लेंट घेते. कधी फोनवर कोणी आधी श्वास रोखतो, मग दबक्या आवाजात विचारतो, "मॅडम, व्हिसावर काही...?" मला आवाजावरूनच कळतं, आपला माणूस. मी मराठीत सांगते: नाही. व्हिसाशी संबंध नाही. कुणी कॉलर धरली ते सांगा. जोरात सांगा.

या खुर्चीवरून मला उठवायला कुणी आलं, तर बूट घालून येऊ दे नाहीतर अनवाणी, मी उठणार नाही.

कंपनीला क्लेमचे पैसे द्यावे लागले, आमच्या घरावर नवं छप्पर आहे. आप्पाकाकाचं लायसन्स रद्द झालं. ते मी केलं.